चेकनाका चुकवलेलं जहाज

मुलांनो, समजा, तुम्ही पेणकरपाड्यात राहता. मीरा रोडचा हा पाडा दहिसर चेकनाक्यापासून जवळच आहे. तुमच्या शेजारची जुनी इमारत पाडायला घेतली आहे. विटा, माती, मोडक्या खिडक्या यांचा हा मोठा ढीग पडलाय. त्या ढिगातून एक गंजलेली सळई डोकावते आहे. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी भंगारवाल्याची आरोळी येते. मग काय विचारता! तुम्ही सळई ओढता, ती सुटते आणि तुम्ही धूम ठोकणार, तोच मागून राखणदार ओरडतो, "ए पोरा, कुणाला विचारून घेतलीस?"

"काका, कचऱ्यातलीच तर आहे!"

"कचरा असला म्हणून काय झालं? कुणाचा तरी आहे ना? विचारायला काय पैसे पडतात?"

तुम्ही हिरमुसले होऊन सळई परत टाकता. मनात म्हणता, एवढ्याशा गंजक्या लोखंडासाठी केवढा हा रुबाब!

पण दोस्तांनो, हाच प्रश्न एकदा जगाच्या दुसऱ्या टोकाला, बर्फानं झाकलेल्या एका बेटावर विचारला गेला होता. तिथंही गंजकं लोखंडच होतं. तिथंही "कुणाला विचारून?" एवढंच विचारलं गेलं होतं. त्या प्रश्नाचं सरळ उत्तर मिळालं नाही आणि दोन देशांत युद्ध पेटलं. खोटं वाटतं? मग ऐकाच. आणि हो, या गोष्टीचा शेवट आपल्या मुंबईच्या समुद्रात येऊन पोचतो, बरं का!

फुटक्या जहाजाचा मालक कोण?

आधी आपल्याच किनाऱ्यावर जाऊ. जून २०११ मध्ये मुंबईच्या जुहू चौपाटीवर एक भलंमोठं जहाज येऊन वाळूत रुतलं. त्याचं नाव होतं 'विज्डम'. त्यावर माणूस नव्हता. ते कोलंबोहून गुजरातमधल्या अलंगला तोडण्यासाठी ओढत नेलं जात होतं. वाटेत दोर तुटला आणि स्वारी भरकटत जुहूला आली! बघ्यांची ही गर्दी उसळली. भेळ, भुट्टे आणि समोर जहाज! दीड महिन्याने, ३१ जुलैला, 'पवित' नावाचं आणखी एक जहाज त्याच किनाऱ्याला लागलं. त्याचे खलाशी ते ओमानजवळच्या समुद्रात सोडून गेले होते, आणि ते एकटंच वाहत वाहत थेट मुंबईत आलं होतं.

आता सांगा, ही दोन्ही जहाजं कुणाची? ज्याला सापडली त्याची? रात्री कुणी करवत घेऊन गेला आणि एक तुकडा कापून आणला, तर चालेल?

मुळीच नाही. १९५८ च्या आपल्या व्यापारी नौवहन कायद्यात यासाठी एक अख्खा भाग होता. समुद्रात फुटलेलं, रुतलेलं, सोडून दिलेलं जहाज किंवा त्यावरचा वाहून आलेला माल कुणाला सापडला, तर त्याने सरकारी अधिकाऱ्याला कळवायचं. मालकाला आपली वस्तू मागायला मुदत मिळायची. ज्याने जहाज किंवा माल वाचवला, त्याला त्याच्या मेहनतीचा मोबदला मिळायचा. पण 'सापडलं त्याचं' हा आपला गोट्या खेळतानाचा नियम समुद्रात लागू नव्हता. २०२५ मध्ये या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर झाला.

यात नुसती मालकीचीच गोष्ट नसते. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' या दोन जहाजांची टक्कर झाली. 'चित्रा'वरचे शेकडो कंटेनर समुद्रात पडले. त्या जहाजावरच्या काही कंटेनरांत कीटकनाशकं होती. आता किनाऱ्यावर वाहून आलेला बंद डबा न विचारता उघडणाऱ्याचं काय झालं असतं, याची कल्पना करा.

म्हणजे राखणदारकाकांचा प्रश्न काही उगाच नव्हता. चला तर मग, आता लांबच्या प्रवासाला निघू.

व्हेलच्या तेलाचं गाव

नकाशा काढा. दक्षिण अमेरिकेच्या अगदी खालच्या टोकाला बोट ठेवा. तिथून उजवीकडे सरकलात की फॉकलंड बेटं लागतील. अर्जेंटिनाचे लोक त्यांना माल्विनास म्हणतात. तिथून आणखी सुमारे १,४०० किलोमीटर पूर्वेला गेलात, की बर्फाच्या डोंगरांचं एक लांबुडकं बेट दिसेल. त्याचं नाव दक्षिण जॉर्जिया. तिथं झाडं नाहीत. मूळचे रहिवासी नाहीत. पेंग्विन, सील आणि सोसाट्याचा वारा हेच तिथले गावकरी!

१९०४ मध्ये कार्ल लार्सन या नॉर्वेच्या दर्यावर्दीनं तिथल्या ग्रिटविकन इथं व्हेल माशांपासून तेल काढण्याचा कारखाना सुरू केला. (व्हेल हा खरं तर मासा नव्हे, सस्तन प्राणी, हे तुम्ही शाळेत शिकलाच आहात.) पाठोपाठ लीथ हार्बर, स्ट्रॉमनेस, हुसविक असे आणखी कारखाने उभे राहिले. १९१६ मध्ये अर्नेस्ट शॅकल्टन हा शूर संशोधक बर्फात अडकलेल्या आपल्या सोबत्यांसाठी मदत मागायला हे बेट पायी ओलांडून आला, तो याच स्ट्रॉमनेसला.

१९६५ पर्यंत या बेटावर सुमारे पावणेदोन लाख व्हेल मारले गेले. मग व्हेलच संपत आले आणि कारखाने बंद पडले. माणसं निघून गेली. मागे राहिल्या तेलाच्या टाक्या, बॉयलर, नळ, साखळ्या आणि किनाऱ्याला बुडालेल्या शिकारी नौका. हजारो टन लोखंड गंजत पडलं.

आणि जिथं भंगार, तिथं भंगारवाला आलाच!

दाविदोफचा करार

हा भंगारवाला होता अर्जेंटिनाच्या ब्वेनोस आइरेस शहरातला. नाव कॉन्स्टँटिनो दाविदोफ. तो चोर नव्हता, हे आधी लक्षात घ्या. १९७९ मध्ये त्याने त्या कारखान्यांची मालकी असलेल्या स्कॉटलंडच्या साल्वेसन कंपनीशी रीतसर करार केला. लोखंड तोडून नेण्याचा हक्क त्याला मिळाला. मालकाला विचारलं होतं, कागदही होता. मग अडलं कुठे?

अडलं ते दारात.

आता पुन्हा एकदा आपल्या चेकनाक्यावर या. मुंबईत २०१७ पर्यंत जकात होती, हे तुमच्या आईबाबांना विचारा. मालाचे ट्रक दहिसर चेकनाक्यावर रांगेत उभे राहायचे. माल तुमचा, ट्रक तुमचा, गिऱ्हाईक तुमचं, सगळं खरं. पण नाक्यावर थांबून कागद दाखवल्याशिवाय आत जायचं नाही. का? कारण नाक्यावर थांबणं म्हणजे 'या हद्दीत तुमचा नियम चालतो, हे मला मान्य आहे' असं न बोलता सांगणं.

दक्षिण जॉर्जियाचा चेकनाका होता ग्रिटविकनशेजारी, किंग एडवर्ड पॉइंट इथं. बेटावर ब्रिटनचा कारभार होता. तिथं ब्रिटिश शास्त्रज्ञांचा छोटासा तळ होता आणि त्या तळाचा प्रमुखच सरकारचा माणूस म्हणून नोंदी ठेवायचा. बेटावर कुणीही आलं, तर आधी तिथं जायचं, शिक्का घ्यायचा, मग कामाला लागायचं. एवढाच नियम.

पण गंमत अशी, की अर्जेंटिनाचं म्हणणं होतं, 'फॉकलंड बेटं आमची आणि दक्षिण जॉर्जियासुद्धा आमचंच!' हा वाद फार जुना. ब्रिटननं १८३३ मध्ये फॉकलंडचा ताबा घेतला, तेव्हापासून धुमसत असलेला. मग सांगा, आपल्याच घरात शिरताना कुणी दुसऱ्याचा शिक्का घेईल का? आणि ब्रिटन म्हणणार, आमच्या घरात शिरताना शिक्का घ्यायलाच हवा! असा तो एवढासा शिक्का, पण त्याच्या पोटात एवढा मोठा प्रश्न दडलेला.

डिसेंबर १९८१ मध्ये दाविदोफ अर्जेंटिनाच्या नौदलाच्या एका बर्फफोड्या जहाजातून लीथ हार्बरला जाऊन माल बघून आला. ग्रिटविकनला न जाता! ब्रिटननं निषेध नोंदवला. दाविदोफनं ब्रिटिश वकिलातीत जाऊन दिलगिरी व्यक्त केली. प्रकरण मिटलं, असं वाटलं.

१९ मार्च १९८२

त्या दिवशी ब्रिटिश तळावरचे चौघे जण फिरत फिरत लीथ हार्बरला पोचले. बघतात तो काय! बंदरात अर्जेंटिनाच्या नौदलाचं 'बाइया ब्वेन सुसेसो' हे मालवाहू जहाज उभं. किनाऱ्यावर भंगार तोडणारे कामगार. रेनडिअर मारून त्यांच्या मांसाचा बेत चाललेला. आणि वर अर्जेंटिनाचा झेंडा फडकतोय! या वेळीही जहाज ग्रिटविकनला थांबलं नव्हतं.

बिनतारी यंत्रावरून निरोप फॉकलंडचे गव्हर्नर रेक्स हंट यांच्याकडे गेला, तिथून लंडनला. उलट हुकूम आला तो असा : झेंडा उतरवा, ग्रिटविकनला जाऊन नोंद करा, नाहीतर बेट सोडा.

झेंडा उतरला. पण शिक्का घ्यायला कुणी गेलं नाही. जहाज दोन-तीन दिवसांत निघून गेलं आणि ३९ कामगार मागे राहिले.

मुलांनो, या ३९ जणांकडे जरा नीट बघा. ती हातावर पोट असलेली माणसं होती. लोखंड कापायचं, मजुरी घ्यायची आणि घरी पाठवायची, एवढंच त्यांचं काम. कुठल्या कागदावर कुणाचा शिक्का हवा, हे ठरवणारे लोक हजारो किलोमीटर दूर, ऊबदार कचेऱ्यांत बसले होते.

ब्रिटननं २२ नौसैनिक देऊन 'एन्ड्युरन्स' हे लाल रंगाचं जहाज फॉकलंडहून पाठवलं. हुकूम होता कामगारांना हटवण्याचा. पण मग लंडनमध्ये विचार झाला, बळानं हटवलं तर भडका उडेल. जरा थांबू या, बोलू या. 'ग्रिटविकनला जा, नोंद करा आणि मग खुशाल काम करा,' हे दार शेवटपर्यंत उघडं होतं. पासपोर्टवर शिक्का नको असेल, तर तात्पुरता परवाना घ्या, असंही सुचवून झालं.

अर्जेंटिनात तेव्हा लष्कराची हुकूमशाही होती आणि जनरल गाल्तिएरी प्रमुख होते. महागाईनं लोक वैतागले होते, मोर्चे निघत होते. फॉकलंड जिंकायचा बेत लष्करानं आधीपासूनच आखून ठेवला होता. नौदलातल्या काही जणांना तर या भंगाराच्या कामाआडून बेटावर पाय रोवायचे होते. अशा वेळी माघार कोण घेणार? २५ मार्चला अर्जेंटिनाच्या दुसऱ्या जहाजानं लीथ हार्बरला सैनिकच उतरवले. म्हणे, कामगारांच्या रक्षणासाठी!

आता प्रश्न भंगाराचा राहिलाच नव्हता.

चौऱ्याहत्तर दिवस

२ एप्रिल १९८२ रोजी अर्जेंटिनाच्या फौजा फॉकलंडवर उतरल्या. ३ एप्रिलला दक्षिण जॉर्जियात ग्रिटविकनजवळ लढाई झाली. तिथले २२ ब्रिटिश नौसैनिक काही काळ चिवटपणे लढले आणि मग शरण आले. २५ एप्रिलला ब्रिटननं ते बेट परत घेतलं. ते ३९ कामगारही सैनिकांबरोबर ताब्यात घेतले गेले आणि पुढे मायदेशी परत पाठवले गेले. लोखंड कापायला गेलेल्या माणसांना युद्धकैद्यांच्या रांगेतून घरी यावं लागलं.

१४ जूनला युद्ध थांबलं. अर्जेंटिनाचे ६४९ आणि ब्रिटनचे २५५ लोक या युद्धात कामी आले. फॉकलंडचे ३ साधे रहिवासीही मेले. अर्जेंटिनाचे बरेच सैनिक अठरा-एकोणीस वर्षांची, सक्तीनं भरती केलेली पोरं होती. तुमच्या दादाच्या वयाची.

'एका भंगारवाल्यामुळे युद्ध झालं,' असं मात्र म्हणू नका हं. ते खरं नाही. वाळलेलं गवत दोन्ही देशांनी दीडशे वर्षं साठवलं होतं. चूल पेटवायला निमित्त हवं होतं, ते या न घेतलेल्या शिक्क्यानं पुरवलं. पण ठिणगी लहान असते म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करायचं नसतं, हे तर आपल्या आजीलाही ठाऊक आहे.

भंगारात निघालेली युद्धनौका

आता गोष्ट मुंबईला आणतो. या युद्धात ब्रिटिश आरमाराची मुख्य नौका होती 'हर्मिस' ही विमानवाहू नौका. १९५९ मध्ये आरमारात दाखल झालेली. युद्धानंतर ती भारतानं विकत घेतली आणि १२ मे १९८७ रोजी ती आपल्या नौदलात आली. तिचं नवं नाव तुम्ही नक्की ऐकलं असेल : आयएनएस विराट!

जवळजवळ तीस वर्षं सेवा करून ६ मार्च २०१७ रोजी मुंबईत 'विराट' निवृत्त झाली. तिचं संग्रहालय करावं, असं अनेकांना वाटत होतं. सिंधुदुर्गात निवतीच्या समुद्रात ते करण्याच्या योजनेला २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं मंजुरीही दिली होती. पण ते घडलं नाही. शेवटी 'विराट'चा लिलाव झाला. सप्टेंबर २०२० मध्ये तिला ओढत मुंबईहून अलंगकडे नेलं गेलं, आपल्या या किनाऱ्याच्या समोरून, उत्तरेकडे. भंगारावरून ठिणगी पडलेल्या युद्धातली सर्वांत मोठी युद्धनौका स्वतःच भंगार होऊन निघाली होती.

पण एक फरक बघा. तिला तोडायला घेताना लिलाव झाला, पैसे भरले गेले, परवाने निघाले. एवढंच काय, एका कंपनीनं 'आम्हाला तिचं संग्रहालय करू द्या' म्हणून न्यायालयात धाव घेतली, तेव्हा फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तोडणी आहे तशी थांबवायला सांगितली. एक कागद दिल्लीहून निघाला आणि अलंगच्या किनाऱ्यावर एका प्रचंड युद्धनौकेची तोडणी थांबली! पुढे एप्रिलमध्ये न्यायालयानं ती मागणी नाकारली, कारण तोवर बरीच तोडणी झाली होती. 'विराट' वाचली नाही, याचं वाईट वाटतंच. पण भांडण कागदावर झालं, गोळी सुटली नाही. कागदाची किंमत यातच आली.

लीथ हार्बरचं लोखंड

आणि ज्याच्यापायी एवढं रामायण घडलं, ते लीथ हार्बरचं लोखंड गेलं तरी कुठे? सांगितलं तर हसाल. त्यातलं बरंचसं अजून तिथंच गंजतंय! तिथल्या मोडक्या इमारतींत ॲस्बेस्टॉस आहे. त्याची धूळ फुप्फुसात गेली तर घातक. पत्रे वाऱ्यानं उडतात. म्हणून त्या जुन्या कारखान्यापासून २०० मीटरच्या आत कुणालाही जायला मनाई आहे. सील मात्र खुशाल आत जाऊन लोळतात. त्यांना परवाना कोण विचारणार?

अर्जेंटिनाचा दावा आजही कायम आहे, पण आता तो मांडला जातो तोंडानं आणि कागदानं. आजही दक्षिण जॉर्जियात उतरायला परवाना लागतो. आता आणखी एक तपासणी असते : बूट आणि कपडे स्वच्छ करून दाखवायचे! कारण बुटाच्या तळव्याला चिकटून परक्या गवताचं बी गेलं, किंवा जहाजातून एखादा उंदीर उतरला, तर तिथल्या पक्ष्यांची वाताहत होते. बोटींबरोबर आलेल्या उंदरांनी पूर्वी तिथल्या पक्ष्यांची अंडी आणि पिल्लं फस्त केली होती. मोठी मोहीम काढून ते संपवावे लागले आणि २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त झाल्याचं जाहीर झालं.

तर मुलांनो, आता परत आपल्या गल्लीत या. ती सळई अजून ढिगावर पडली आहे. राखणदारकाका बिडी ओढत बसलेत. दाविदोफच्या माणसांना ग्रिटविकनला थांबून विचारलं असतं तर काय उत्तर मिळालं असतं, ते तुम्हाला माहीतच आहे. उत्तर तयारच होतं : "खुशाल काम करा."

जा, तुम्हीही काकांना विचारून बघा. कदाचित ते म्हणतील, "घेऊन जा की! आधी विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं का?"

आणि समजा, नाहीच म्हणाले, तर सळई तिथंच ठेवून या. भंगारवाला काय, उद्याही येणारच आहे!